गुरुवारी घोटलेली पूड

सोमवारी घोटलेल्या पुडीच्या चारही टिकल्या कच्च्या निघाल्या. थंड झालेल्या भट्टीतून दामिनीने त्या चिमट्याने उचलल्या, एकेक करून काचेच्या बशीत सोडल्या, आणि मोजमाप करायच्या आधीच तिला समजलं. नीट भाजलेली टिकली काचेवर पडली की टण्कन बोलते. या चौघी थप् करून बसल्या.

फरशी पुसता पुसता सखाबाई थांबली. "मुक्याच निघाल्या का वो मॅडम?"

दामिनीने नुसती मान हलवली. दुपारी पाण्यात वजन करून तिने घनता काढली ती त्र्याऐंशी टक्के. म्हणजे टिकलीत शंभरातले सतरा भाग नुसती हवा.

भंडाऱ्यातल्या एका महाविद्यालयात, पदार्थविज्ञान विभागाच्या मागच्या अंगाला ही लांबट खोली. एका भिंतीला भट्टी, दुसरीकडे टिकल्या दाबायचा हायड्रॉलिक प्रेस, खिडकीजवळ विद्युत मोजमापाचं मीटर आणि मधल्या टेबलावर पूड घोटायचा, अकीक दगडाचा खल. दामिनी इथे पाच वर्षांपासून पीएच.डी. करत होती. ती एकोडीची, धान पिकवणाऱ्या घरातली. आठवडाभर भंडाऱ्यात खोली घेऊन राहायची आणि शनिवारच्या एसटीने आईकडे जायची. सखाबाई विभागात रोजंदारीवर सफाई करायची. तिचं घर वैनगंगेच्या काठी, नवरा बुधराम मासेमारी करणारा. बाकी सगळे ज्याला पेलेट म्हणत, त्याला टिकली हे नाव सखाबाईनेच दिलं होतं, आणि आता खुद्द दामिनीचे मार्गदर्शक भूपेश सर यांच्या तोंडीसुद्धा तेच बसलं होतं.

ती टिकली बेरियम टायटॅनेटची. दिसायला खडूसारखी पांढुरकी, पण अंगात मोठा गुण. विजेचा दाब दिला की तिच्या आतले धन-ऋण भार एका दिशेला तोंड करून उभे राहतात, आणि दाब काढून घेतला तरी ती दिशा थोडीफार धरून ठेवतात. अशा द्रव्यांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. मोबाइलच्या आत वीज साठवणारे जे बारीक तुकडे असतात, ते याच जातीचे. शुद्ध बेरियम टायटॅनेटचा हा साठवायचा गुण एकशेवीस अंशांच्या आसपास शिगेला पोचतो. पण एवढ्या उष्णतेत कोणाचा मोबाइल चालणार? म्हणून त्यात दुसरं काही चिमूटभर घालतात. दामिनी लँथॅनम घालायची, शंभर भागांत दोन. ते पाहुणे अणू बेरियमच्या जागी जाऊन बसले की गुणाचं शिखर खाली, रोजच्या वापराच्या तापमानाकडे सरकतं.

हा झाला मिसळण्याचा भाग. दुसरा भाजण्याचा. पूड दाबून केलेली टिकली भट्टीत भाजली की कण वितळत नाहीत, पण कडेकडेने एकमेकांत शिरतात, वाढतात, मधली हवा बाहेर लोटतात. हवा राहिली तर वीज साठत नाही आणि जी दिली तीही गळते. नीट भाजायला तेराशे पन्नास अंश लागतात. विभागातली भट्टी जुनी, बाराशे पन्नासच्या वर न्यायची म्हणजे तिच्या तारांचा जीव काढणं.

आणि इथेच दामिनीचं नशीब उघडलं होतं. श्रावणात तिने केलेल्या टिकल्या बाराशे पन्नासलाच चौऱ्याण्णव टक्के घट्ट झाल्या. गेल्या हिवाळ्यात केलेल्या बिनलँथॅनमच्या टिकल्यांपेक्षा साठवण दुपटीहून जास्त, गळती चौथाई. दोन टक्के लँथॅनममुळे कमी आचेवर घट्ट टिकली होते, असा शोधनिबंध तिने लिहिला, भूपेश सरांनी सुधारला आणि एका चांगल्या नियतकालिकाकडे गेला. प्रबंधाचं चौथं प्रकरण, त्यातलं सगळ्यात मोठं, याच निबंधावर उभं होतं. विद्यापीठाने दिलेली मुदत मार्चअखेर संपत होती. कार्तिकात नियतकालिकाच्या परीक्षकांचं पत्र आलं. काम आवडलं होतं, अट एकच. नव्याने आणखी तीन वेळा पूड करून तोच निकाल दाखवा.

त्यात काय मोठं, असं तिला वाटलं होतं. आता मार्गशीर्ष लागला होता आणि आठ वेळा पूड घोटून आठही वेळा टिकल्या मुक्या निघाल्या होत्या.

तिने जे जे करता येईल ते केलं. पुडीत पडणाऱ्या टायटेनियाची नवी बाटली फोडली. भट्टीचा तापमापक दुसऱ्याशी ताडून पाहिला. प्रेसचा दाब वाढवला, कमी केला. एकदा तर पूड दोन तासांऐवजी चार तास घोटली, मनगट सुजलं, आणि टिकली बोलली नाही ती नाहीच. गावी गेली की आई विचारायची, कागद गेला का म्हणून. दामिनी म्हणायची, जाते आहे.

मग एका आठवड्यात बी.एस्सी.ची मुलं शिबिराला गेली आणि खोली भलत्याच दिवशी मोकळी मिळाली. एरवी हिवाळी सत्रात तिला सोमवार ते बुधवारच मिळत, पुढले दिवस प्रात्यक्षिकांचे. त्या दिवशी तिने पूड घोटली, नेहमीसारखीच. दोन दिवसांनी भट्टी उघडून टिकली बशीत टाकली आणि ती टण्कन बोलली. दामिनीने दुसरी टाकली, तिसरी टाकली. मग ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ बशीकडे पाहत राहिली. घनता भरली चौऱ्याण्णव.

तिच्या प्रयोगवहीला एक सवय होती, म्हणजे तिचीच ती. प्रत्येक नव्या पानाच्या माथ्यावर ती श्री लिहायची आणि तारखेच्या शेजारी वार आणि तिथी. आजोबांनी, भय्याजींनी, तिला लहानपणी पाटीवर तसं लिहायला लावलं होतं, ते हाताला चिकटून राहिलं. भूपेश सर सुरुवातीला गंमत करत, की तुझी वही वाचायची तर आधी पंचांग घेऊन बसावं लागेल. त्या दिवशी ती जुनी पानं चाळत होती, आठ कच्च्या बॅचेसमध्ये आणि या पक्क्या बॅचमध्ये काय वेगळं ते शोधत. वजनं तीच. वेळा त्याच. आणि मग तिची नजर पानांच्या माथ्याकडे गेली.

श्रावणातली पहिली चांगली बॅच, गुरुवार. दुसरी, गुरुवार. तिसरी, गुरुवार. परवाची, गुरुवार. कच्च्या आठांत गुरुवार एकही नाही.

पावसाळी सत्रात खोली गुरुवारीच मोकळी असायची, एवढंच त्याचं साधं कारण, हे तिला माहीत होतं. पण अंगावर काटा आला तो आलाच. गुरुवार तिचा उपासाचा दिवस होता. बारावीपासून ती गुरुवार धरत होती. मीठ नाही, साबणाला हात नाही, डोक्यावरून पाणी नाही, संध्याकाळी दत्ताचा अध्याय. तिला वाटलं, माउलीने हात धरला. डोळे भरून आले आणि तिने तसेच ते भरू दिले.

भूपेश सरांना तिने निकाल सांगितला, वाराचंही सांगितलं. सर तिच्याच बाजूचे, साकोलीकडले. विभागात ते शुद्ध मराठीत बोलत, पण मन मोकळं झालं की गावची बोली यायची. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि हसले.

"मग आता काय विचार करून राहिली? प्रात्यक्षिकं बुधवारी घेतो मी. तू गुरुवारी घोट. तीन बॅच काढ, पाठव अन् मोकळी हो."

"पण सर, कारण?"

"कारण प्रबंध झाल्यावर शोध. डेटा तू बनवला का? नाही ना? मग भेतेस कायले?"

ते खरंच होतं. एकही आकडा खोटा नव्हता. परवाची धरून आणखी दोन गुरुवार, आणि परीक्षकांची अट पूर्ण. पुढचा गुरुवार तिने तसाच पार पाडला, टिकल्या बोलल्या. आता एकच उरला होता.

त्या शनिवारी एकोडीच्या एसटीत खिडकीशी बसून ती मनाशी हेच घोळवत होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, धानाचे पुंजणे रचलेले. देवाने दिलं म्हणून घ्यावं, इथपर्यंत तिचं मन नीट चालायचं. पण मग पुढे एक प्रश्न उभा राहायचा. दत्तगुरू सोमवारी कुठे जातात? जो सगळ्या चराचरात भरून आहे असं ती रोज संध्याकाळी वाचते, तो बेरियमच्या कणाला मंगळवारी चिकटू देत नाही आणि गुरुवारी देतो, म्हणजे काय? तिला वाटलं, आपण त्याला फार लहान करून ठेवतो आहोत. आपल्या कामाच्या वहीत त्याला हजेरी लावायला बसवतो आहोत. उपास तिने कधी काही मागून केला नव्हता. आता केला असता तर तो उपास राहिला नसता, देवाशी केलेला व्यवहार झाला असता.

आणि दुसरी गोष्ट याहून साधी. तिच्या निबंधात लिहिलं होतं की हे लँथॅनममुळे होतं. लँथॅनम सोमवारीही होतं.

घरी आईने, गोदावरीबाईंनी, कागदाचं विचारलं. या वेळी दामिनी म्हणाली, "आई, मले कळूनच नाही राहिलं काय होते तर." आईने तिच्या ताटात भात वाढला आणि म्हटलं, मग कळल्यावर पाठव, घाई कायची. मुदत काय असते हे आईला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून ती असं म्हणू शकली.

तिसऱ्या गुरुवारी दामिनी नेहमीच्या दहाऐवजी सकाळी आठलाच विभागात गेली. एकच ठरवलं होतं: आज या खोलीत जे जे होईल ते सगळं पाहायचं, तिच्या यायच्या आधीचंसुद्धा. खोली उघडीच होती. सखाबाई टेबलाशी पाठमोरी उभी, पदर खोचलेला. तिच्या एका हाताशी अकीकाचा खल होता आणि दुसऱ्या हाताने ती त्यात नारळाची शेंडी गोल गोल फिरवत होती. शेजारी वर्तमानपत्राच्या कागदावर करड्या-पांढऱ्या भुकटीचा ढीग.

"मावशी, हे काय?"

सखाबाई वळली. "आज लवकर आल्या. हे खल घासून राहिली."

"ती भुकटी कशाची?"

"राख आहे ना. तुसाची. आमच्या तिकडे धानाच्या मिलीच्या भट्टीतली मिळते, लय बारीक. भांडं कसं आरशावानी निघते."

बाकीच्या दिवशी खल साबणाच्या पाण्याने धुवायचा, शुद्ध पाण्याने तीनदा खंगाळायचा आणि ओव्हनमध्ये वाळवायचा, हे दामिनीनेच सखाबाईला शिकवलं होतं. तिने हळू आवाजात विचारलं की आज साबण का नाही.

सखाबाईला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "आज गुरुवार नाही का वो? दोन वर्षं झाली, मी गुरुवारी साबणाले हात लावत नाही. तुम्हीबी नाही लावत. मले ठाऊक आहे, म्हणून तर तुमच्या खलालेबी नाही लावला. म्हटलं, तुमचा उपास अन् तुमच्याच भांड्याले साबण कसा लावू."

"आणि पाणी?"

"पाण्याचं तुम्हीच बोलल्या होत्या मागं. एक थेंब ओल राहिली होती तं केवढ्या नाराज झाल्या. राखेनं घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, का पाण्याचं कामच नाही पडत."

दामिनीने खलाच्या तळावरून बोट फिरवलं. खल वीस वर्षांचा जुना, तळाला घासून घासून बारीक रेघा पडलेल्या, एके ठिकाणी नखाएवढा टवका उडालेला. बोट वर घेतलं तर टोकाला करडी साय. ती दर वेळी घोटण्याआधी ॲसिटोनचा बोळा फिरवायची, पण टवक्यात आणि रेघांत बसलेली राख बोळ्याने निघणारी नव्हती.

धानाच्या तुसाची राख म्हणजे जवळजवळ सगळी सिलिका, आणि थोडं पोटॅश. ही दोन एकत्र आली की त्यांची काच होते, हजार अंशांच्याही आत. भट्टीत ती काच पातळ होऊन कणांच्या मध्ये शिरली असेल, कणांना सरकायला वाट दिली असेल, जवळ ओढलं असेल, आणि हवा निघून गेली असेल. तिला नागपूरहून आणलेली सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं आठवली. दाण्यांच्या मधल्या त्या बारीक काळ्या कडा. त्यांना ती सावल्या समजली होती. सिलिकॉनची बुटकीशी टेकडीही सोबतच्या आलेखात दिसली होती. सर म्हणाले होते, अकीक म्हणजे सिलिकाच, खल थोडा झिजणारच. तिने मान डोलावली होती.

आणि त्याच दिवशी पहाटे तिने स्वतःच्या खोलीत देवापुढची पितळी समई अशाच राखेने घासली होती. एकोडीहून डब्यात भरून आणलेल्या राखेने. गुरुवार होता म्हणून. भंडाऱ्यात दुसऱ्या कोणी हा निबंध लिहिला असता तर त्याला ही राख कदाचित सापडली नसती; आणि तिला सापडायला पाहिजे होती पहिल्याच दिवशी. गुरुवारी साबण लावायचा नाही हे दोघींना माहीत, मग खल कशाने निघतो हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

सखाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती. शेंडी तिने हळूच कागदावर ठेवली.

"माह्यानं काही बिघडलं का?"

दामिनीला सांगता आलं असतं की काही नाही. सवयीने तेच ओठांवर आलं होतं.

"बिघडलं, मावशी. पण तुमच्यानं नाही. मी अर्धंच सांगितलं होतं तुम्हाला."

सखाबाई खाली बसली. सरांना कळलं तर उद्यापासून कामावर ठेवतील का, हे तिने विचारलं नाही; पण ती हात पदराला पुसत राहिली, पुसून झाले तरी. दामिनी तिच्याशेजारी फरशीवर बसली आणि तिला टिकली कशी भाजते ते पहिल्यापासून सांगितलं. सखाबाईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे टिकली बोलत होती ते राखेनं?"

"ते आता पाहायचं आहे."

पाहायला तिने तीन पुडी केल्या. आधी खल स्वतः सौम्य आम्लाने धुतला, खंगाळला, वाळवला. ॲसिड म्हणजे काही साबण नव्हे, त्यामुळे गुरुवारचा नेमही मोडला नाही. पहिली पूड त्याच गुरुवारी घोटली, लँथॅनम घातलेली, राखेशिवाय. मग पुढच्या आठवड्यात दुसरी मंगळवारी, लँथॅनम आणि मोजून राख, हजार भागांत तीन. तिसरीत लँथॅनम अजिबात नाही, फक्त राख. सखाबाईने राख घरून कागदाच्या नव्या पुडीत आणली होती, फडक्यातून दोनदा गाळून. सूक्ष्मतराजूच्या काचेपाशी ती श्वास धरून उभी राहायची.

तिन्ही एकाच दिवशी भट्टीतून निघाल्या. गुरुवारची, राखेशिवायची, थप् करून बसली. मंगळवारची बोलली. आणि तिसरी, जिच्यात लँथॅनमचा कणही नव्हता, तीसुद्धा तशीच टण्कन बोलली.

दामिनीने विद्युत मोजमापंही केली, घाई न करता. टिकलीच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप देऊन, वाळवून, मीटरला लावून, तापमान पाच-पाच अंशांनी वाढवत. तिसरीचं शिखर आलं एकशेवीसच्या जवळ, शुद्धासारखं. लँथॅनमवाल्या दोन्हींचं खाली, साठ-सत्तरच्या मध्ये. म्हणजे लँथॅनमने आपलं काम चोख केलं होतं. शिखर उतरवणं हे त्याचं, घट्ट करणं हे राखेचं. कोणीच खोटं वागलं नव्हतं. फक्त एकाचं काम तिने दुसऱ्याच्या नावावर लिहिलं होतं.

भूपेश सरांनी आलेख पाहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की खल कोण घासतं.

दामिनी म्हणाली, सूचना माझी होती.

सरांनी तो विषय तिथेच सोडला. ते तेवढे भले होते. पण निबंधाचं त्यांना सोडवत नव्हतं. त्यांनी एक वाट सुचवली. राखेचा उल्लेख कशाला, सिलिका नियोजनपूर्वक घातली होती असं मांडू, शीर्षकात एक शब्द वाढवू. दामिनीने विचारलं की तसं चालेल का. सरांनी चष्मा पुसून परत लावला, आणि मग स्वतःच म्हणाले की नाही चालणार. "सिलिका घालून कमी आचेवर भाजणं लोकांनी केव्हाच करून ठेवलं. त्यात नवं काही नाही. तुझा निबंध नवा होता तो फक्त लँथॅनमच्या दाव्यानं."

"तो दावा खरा नाही, सर."

"दिसून राहिलं मले ते." त्यांनी आलेख टेबलावर ठेवले. "तुले समजते ना, काय करून राहिली ते? चौथं प्रकरण गेलं. मार्चपर्यंत नवं होत नाही. मुदतवाढ दिली नाही तं पाच वर्षं पाण्यात."

"समजते, सर."

"तीन गुरुवार होते तुझ्याजवळ. तेवढ्यात कोणी विचारलं नसतं."

पण ही गोष्ट आता दामिनीला माहीत झाली होती. संध्याकाळी अध्याय वाचायला बसायचं होतं, उद्याही, परवाही, आणि त्या पाटावर हे बरोबर घेऊन बसता येणार नव्हतं.

पत्र तिने त्याच दुपारी लिहिलं. संपादकांना, चार परिच्छेदांचं. खल साफ करताना धानाच्या तुसाची राख वापरली गेली, ती नमुन्यांत उतरली, घनतेतली वाढ तिच्यामुळे होती हे तपासून पाहिलं आहे, सोबत आलेख जोडले आहेत, निबंध मागे घेत आहोत. सफाईच्या सूचना अपुऱ्या होत्या आणि त्या मी दिल्या होत्या, हे वाक्य तिने दुसऱ्याच परिच्छेदात घातलं, शेवटी लपवून नाही. भूपेश सरांनी एक शब्द बदलला आणि पाठव म्हणाले. तिने पाठवलं. मग दिवसभरात पहिल्यांदा तिला भूक लागल्याचं जाणवलं.

सखाबाई तोवर टिकल्यांच्या डब्या पुसत होती. गुरुवारच्या चांगल्या टिकल्या आता फेकायच्या का, असं तिने विचारलं. दामिनी म्हणाली, फेकायच्या कशाला, त्या काय आहेत ते लिहून ठेवू. दोघींनी मिळून जुन्या चिठ्ठ्या सोलून काढल्या आणि नव्या लावल्या: लँथॅनम दोन टक्के, राख अंदाजे. अंदाजे हा शब्द सखाबाईने विचारून घेतला, आणि म्हणाली, "हे बरं केलं. इतकी होती असं मी कधी छातीवर हात ठेवून नसतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दामिनीने मुदतवाढीचा अर्ज आणला. त्यात विलंबाचे कारण असा एक रकाना होता, दोनच ओळींचा. आजारपण, लग्न, बाळंतपण असं काहीतरी लोक लिहीत. तिने लिहिलं की नमुन्यांत खलातली राख मिसळली होती, आधीचे निष्कर्ष मागे घेतले आहेत, चौथं प्रकरण नव्याने करायचं आहे. ओळी पुरल्या नाहीत म्हणून शेवटचे दोन शब्द समासात गेले.

भूपेश सरांनी वाचलं. समितीत हसतील लोक, म्हणाले. दामिनी म्हणाली, हसू द्या. त्यांनी सही केली, शिक्का मारला, कागद तिच्याकडे सरकवला आणि मंजूर होईलच असं नाही हेही बजावलं. ती हो म्हणाली.

अर्ज कार्यालयात देऊन ती परत खोलीत आली. खल आम्लाने धुऊन ओव्हनमध्ये वाळत होता. तिने नवं पान काढलं, माथ्यावर श्री लिहिलं, आणि तराजूवर पहिला कागद ठेवला. बेरियम कार्बोनेट, टायटेनिया, लँथॅनम. वहीत तीन नावं होती आणि पारड्यात पडणार होती ती तीनच.